जपानी भाषेंतील प्रावरणवाचक शब्द व चेऊलचें वस्त्र

गेल्या मार्गशीर्षांत माझा एक जुना विद्यार्थी जपानांतील यंत्रशाळेंतली नोकरी संपवून श्रीपुरास परत आला, व येतांना त्यानें माझ्यासाठीं एक डगला आणिला. डगला आंत कापूस भरलेला, कमरेच्या किंचित् खालीं येणारा, पुढून मोकळा व रुंद बाह्यांचा आहे. उंसाच्या फडांवरून पहाटे जो गारठा आमच्या गांवावर उतरतो त्यास हें वस्त्र इतकें मानवलें कीं, माझी घोंगडी यंदा खुंटीवरच राहिली. या वस्त्राचें नांव त्यानें ‘हान्तेन’ असें सांगितलें. मग सहज बोलतां बोलतां तो म्हणाला, “गुरुजी, तिकडे अंगाला लागून घालतात त्या वस्त्राला जुबान म्हणतात. हा शब्द आपल्या झब्ब्यासारखा नाहीं वाटत?”

वाटतो; आणि म्हणूनच मीं प्रथम कानांवर हात ठेवले. शब्दांत साम्य दिसलें कीं सोयरीक जुळवावयाची, हा आम्हां संस्कृत पढलेल्या मास्तरांचा जुना रोग आहे. मलाहि तो जडलेला होता. कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत जपानी ‘काप्पा’ (पावसांत घ्यावयाचा झगा) व आपल्या जुन्या कागदांतील ‘कबा’ हे एकच शब्द होत, असें मीं ठांसून सांगितलें होतें. टाळ्याहि पडल्या. तें विधान चूक होतें. कसें तें पुढें सांगतों, व तें येथें परत घेतों. परंतु एक जोडी खोटी निघाली म्हणून सगळ्याच खोट्या ठरत नाहींत. विद्यार्थ्यानें सांगितलेल्या शब्दाचा माग काढतां काढतां मी अशा एका शब्दापाशीं येऊन पोंचलों कीं, ज्याची नोंद आपल्या कोंकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं अवश्य घ्यावी. तो शब्द म्हणजे ‘चाउ-जिमा’. जपानी चित्रलिपि मला वाचतां येत नाहीं. कोश त्या विद्यार्थ्यानें वाचून दाखविले व उच्चारहि त्याच्याच तोंडून उतरून घेतले आहेत.

कालक्रमानें पाहूं जातां पहिला थर संस्कृताचा लागतो. अमरकोशांत वरून घेण्याच्या वस्त्रास प्रावार, उत्तरासंग, बृहतिका, संव्यान व उत्तरीय अशीं पांच नांवें दिलीं आहेत, आणि थंडी-वारा निवारणाऱ्या पांघरुणास ‘नीशार’ असें स्वतंत्र नांव आहे. माझ्या नव्या डगल्यास संस्कृतांत कांहीं म्हणावयाचेंच तर नीशार म्हणावें. या पांचांतील ‘उत्तरासंग’ मराठींतून केव्हांच गेला. त्याच्या जागीं उपरणें राहिलें. जपानांत मात्र तो अद्यापि जिवंत आहे. बौद्ध भिक्षूंचीं जीं तीन चीवरें, संघाटी, उत्तरासंग व अंतर्वास, त्यांचीं नांवें चिनी अक्षरांतून जपानांत गेलीं, आणि तेथील मठांत आजहि तीं ‘सोग्यारी’, ‘उत्तरासो’ व ‘आन्दाए’ अशीं उच्चारिलीं जातात. तिहींचें मिळून सामान्य नांव ‘केसा’, म्हणजे आपलें ‘काषाय’. बौद्ध धर्म जपानांत इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास पोंचला, इ. स. ७५६ मध्यें सम्राट् शोमू यांच्या निधनानंतर त्यांच्या वस्तु नारा येथील तोदाइजी मंदिरास अर्पण करण्यांत आल्या, त्या वेळच्या यादींत पहिलीच नोंद नऊ काषाय वस्त्रांची आहे. ही यादी राजमुद्रांसह शोसोइन भांडारांत शाबूत आहे. आपल्याकडे दोनशें वर्षांची जमाखर्चाची यादी वाळवीच्या तोंडून सोडवितांना आपली जी त्रेधा उडते ती आठवली म्हणजे बाराशें वर्षें कागद सांभाळणाऱ्या त्या लोकांना नमस्कार करावासा वाटतो.

येथें ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, हा शब्द जपानांत गेला तो कापड म्हणून नव्हे, धर्म म्हणून गेला. ‘कषाय’ म्हणजे तांबूस-पिंगट रंग, हा अर्थ त्या प्रवासांत गळाला. जपानांत जांभळा केसा असतो, सोनेरी जरीचाहि असतो. प्रवास दोन्हीं दिशांनीं होत होता हें सांगावयास बाण साक्षी आहे. हर्षचरितांत हर्षाच्या छावणींत जमलेल्या राजांच्या अंगावर कंचुक, वारबाण, कूर्पासक यांबरोबर ‘चीनचोलक’ आहे. चोलक आपला, चीन त्यांचा. यांपैकीं वारबाणाचें मूळ इराणी असावें असें विद्वान् मानितात. शिवलेला अंगरखा कोणाचा व न शिवलेलें वस्त्र कोणाचें, यावर आपल्याकडे जे वाद रंगतात त्यांत पडणाऱ्यांनीं तो उतारा एकदां वाचावा.

दुसरा थर खुद्द जपानी शब्दांचा. त्यावर फार रेंगाळत नाहीं. ‘हाओरी’ म्हणजे किमोनोवर घ्यावयाचा मोकळा डगला. खांद्यांवर अलगद घेणें या अर्थाच्या क्रियापदाशीं त्याचा संबंध आहे. योद्ध्यानें चिलखतावर घालावयाचा तो ‘जिन्बाओरी’. कारागिरांचा व उत्सवांतील मंडळींचा तो ‘हाप्पी’. शेतकऱ्यानें पावसांत पाठीवर घ्यावयाचें गवताचें आवरण तें ‘मिनो’. आपल्या कोंकणांतील इरलें ज्यानें पाहिलें आहे त्याला तें समजावून सांगावें लागणार नाहीं. या सर्व वस्त्रांत एक गोष्ट समान आहे ती अशी कीं, यांतील एकाहि वस्त्रास मुळांत बुतांव नाहीं. हाओरी छातीवर गोफाच्या बंदांनीं बांधावयाची, मिनो दोरीनें. आपलेंहि तसेंच होतें. अंगरख्यास बंद, बाराबंदीस तर नांवच बंदांचें. सोलापुरास मकरसंक्रांतीच्या श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेंत नंदीध्वज धरणारे मानकरी पांढरी बाराबंदी घालून निघतात, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांना बंदांच्या वस्त्राचा डौल काय असतो तें ठाऊक आहे. आपल्याकडे गुंडी होती हें खरें. पण ती दोऱ्याच्या फांशांत अडकवावयाची. कापडाला चीर देऊन, तिच्या कडा विणून, त्या चिरेंतून गुंडी ओंवावयाची ही रीत ज्या शब्दानें आपण ओळखतों, तो शब्द ‘काज’. आणि काज पोर्तुगीज आहे.

येथून तिसऱ्या थरास आरंभ होतो, व माझा मुख्य विषय तोच.

पोर्तुगीज लोक जपानच्या तानेगाशिमा बेटावर प्रथम उतरले इ. स. १५४३ त. त्यांचें पूर्वेकडील राज्य गोव्यावरून चाले. आंजिरो नांवाच्या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा गोव्यास १५४८ त झाला. त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलांत गोव्याहून निघाला व ऑगस्टांत कागोशिमास उतरला. १५७१ पासून नागासाकी बंदर या व्यापारास खुलें झालें, व गोवा, मलाका, मकाव, नागासाकी असा जहाजांचा रस्ता पडून गेला. १५८२ त नागासाकीहून युरोपास निघालेले चार जपानी तरुण जातां-येतां दोन्हीं वेळां गोव्यास राहिले. त्यांपैकीं हारा मार्तिन्यो यानें तेथें केलेलें लॅटिन भाषण १५८८ त गोव्यासच छापून निघालें. त्याच वर्षीं गोव्याचा व्हाइसरॉय दुआर्त द मेनेझिस यानें तोयोतोमी हिदेयोशी यास चर्मपत्रावर एक पत्र लिहिलें. भोंवतीं रंगीत वेलबुट्टी काढलेलें हें पत्र १५९१ त क्योतो येथें हिदेयोशीपुढें सादर झालें, व आजहि क्योतोच्या म्योहो-इन मठांत राष्ट्रीय ठेवा म्हणून जपून ठेविलेलें आहे. आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशीं लिहिलेलें सोळाव्या शतकांतील पत्र पाहावयाचें तर क्योतोस जावें लागतें, हें संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दप्तरें कोठें सांपडतील याचा नेम नसतो.

या वाटेनें शब्द गेले. त्यांची परीक्षा एकेक करून घेऊं.

प्रथम माझ्या चुकीचा. ‘काप्पा’ हा शब्द पोर्तुगीज ‘कापा’ वरून आला आहे. कापा म्हणजे खांद्यांवरून सोडलेला बिनबाह्यांचा झगा. त्याचें मूळ उत्तरकालीन लॅटिनांतील ‘काप्पा’. जपानी सरदारांनीं प्रथम तो लोंकरी कापडाचा करविला. पुढें सामान्य जनांनीं तेल पाजलेल्या कागदाचा केला, व तो पावसाळ्याचा सोबती झाला. अजूनहि तिकडे पावसाळी डगल्यास ‘आमागाप्पा’ म्हणतात. आपला ‘कबा’ अरबी आहे, फारसीच्या द्वारें आलेला. पोर्तुगिजांच्या बोलींतील ‘काबाया’ त्याच कुळांतला. म्हणजे पोर्तुगीज माणसाच्या तोंडीं ‘कापा’ व ‘काबाया’ असे दोन निराळे शब्द निराळ्या वस्त्रांसाठीं एकाच वेळीं नांदत होते, आणि मीं त्या दोघांना एकाच आईचीं लेंकरें ठरविलें. जपानी भाषेंत पाण्यांत राहणाऱ्या एका भुताचेंहि नांव काप्पाच आहे. केवळ ध्वनीवर विसंबणारा मनुष्य उद्यां त्या भुतासहि डगला घालील.

‘जुबान’ मात्र खरा निघाला. अरबी ‘जुब्बा’ हा लांब, सैल अंगरखा. अरबांच्या अमलांत तो आयबेरियांत गेला व तेथें त्याचा पोर्तुगीज ‘जिबाँव’ झाला. वस्त्रहि आंखुडलें व अंगासरशीं बसूं लागलें. पोर्तुगीज पुरुष तो आंत घालून वर कापा घेत. जपानी माणसानें तो पाहिला तसा उचलला: ‘जिबान’, मग ‘जुबान’, लिहावयास अर्थानेंहि थोडींफार जुळणारीं चित्राक्षरें शोधून काढिलीं, त्यामुळें आज सामान्य जपानी मनुष्यास हा शब्द परका आहे हें वाटतहि नाहीं. आपल्याकडे तोच ‘जुब्बा’ मुसलमानी अमदानींत सरळ आला व ‘झब्बा’ होऊन बसला. म्हणजे झब्बा व जुबान हे सख्खे भाऊ नव्हत. ते चुलत-चुलत भाऊ, आणि त्यांचा पणजा अरबस्तानांतला. गंमत त्यांच्या स्थानाची आहे. एकाच शब्दाचें वस्त्र आपल्याकडे सर्वांच्या वर येतें, जपानांत सर्वांच्या खालीं अंगास भिडतें. वस्त्राचें ‘बाह्य’ असणें हें शब्दांत नसतें, त्यावर दुसरें कांहीं घालतात कीं नाहीं यावर तें अवलंबून असतें. म्हणून जुन्या यादींत ‘झगा’, ‘कबा’, ‘जामा’ असें वाचून त्याचें चित्र काढणाऱ्यानें सावध असावें.

‘बुतांव’ विषयीं संशयास जागाच नाहीं. पोर्तुगीज ‘बोताँव’, गोव्याच्या कोंकणींत ‘बुतांव’, बंगालींत ‘बोताम’, जपानींत ‘बोतान’. देशावर इंग्रजी अमलांत ‘बटण’ आलें व त्यानें बुतांवास हुसकून लाविलें. पण ज्या भोकांतून तें बटण ओंवितात त्या भोकास इंग्रजी नांव मिळालें नाहीं. तें पोर्तुगिजांचें ‘काझा’, म्हणजे घर, तेंच ‘काज’ म्हणून राहिलें. माझ्या शाळेंत मुलांस शब्दांच्या जाती शिकवितांना मी अंगांतील कोटच उदाहरणादाखल पुढें करीत असें. कोट व बटण इंग्रजी, काज पोर्तुगीज, अस्तर फारसी, बाही व शिवण संस्कृतोद्भव. मुलें हंसत, पण हीं नांवें विसरत नसत. जपान्यांच्या कोटांत बोतान पोर्तुगीज, कोट (‘कोओतो’) व खिसा (‘पोकेत्तो’) इंग्रजी, बाही (‘सोदे’) त्यांची स्वतःची. दोन देशांतले शिंपी एकमेकांस कधीं भेटले नाहींत. पण दोघांच्याहि दुकानांत एकच पोर्तुगीज गिऱ्हाईक येऊन गेलें होतें. लोंकरी कापडास जपानींत ‘राशा’ म्हणतात, तेंहि पोर्तुगीज ‘राशा’ वरूनच. आपल्या कागदांत त्या जागीं सकलाद व बनात येतात. येथें दोन्हीं भाषांची वाट फुटली, कारण आपल्याकडे इराणी व्यापार आधींपासून होता.

आतां चेऊल.

रायगड जिल्ह्यांतील, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतील, चेऊल किंवा चौल हें बंदर टॉलेमीस ‘सिमुल्ला’ म्हणून ठाऊक होतें व कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमूल’ म्हणून तें येतें. पोर्तुगिजांनीं खाडीच्या मुखाशीं, रेवदंड्यास, १५२१ त किल्ला बांधावयास घेतला. वरचें चेऊल निजामशाहींत होतें. या बंदराची कीर्ति केवळ ये-जा करणाऱ्या मालाची नव्हती. तेथें माग चालत. १५८३ त गोव्यास आलेला डच प्रवासी लिन्सखोतेन व १६०८ च्या सुमाराचा फ्रेंच प्रवासी पिरार हे दोघेहि चेऊलच्या रेशीम विणकामाविषयीं लिहितात. कच्चें रेशीम चीनहून यावयाचें व कापड चेऊलास व्हावयाचें. पिराराच्या मतें तर तें चिनी कापडाहून सरस होतें.

याच कापडाचें नांव जपानी कोशांत आहे. ‘चाउ’ किंवा ‘चाउ-जिमा’ म्हणजे पातळ, हलकें, चकाकीचें एक रेशमी वस्त्र. पोर्तुगिजांनीं तें आणिलें, व भारतांतील चेऊल येथें तें होई म्हणून त्यास हें नांव पडलें, अशी व्युत्पत्ति जपानी कोशकार देतात. त्याचा उपयोग मुख्यतः ‘हाकामा’ करण्याकडे होई. हाकामा म्हणजे जपानी सरदारानें किमोनोवरून कमरेस बांधावयाचें चुणीदार, रुंद, बाहेर दिसणारें वस्त्र. डगल्याच्या वर्गांत तें बसत नाहीं हें मला मान्य. परंतु वरून नेसावयाचें असल्यामुळें या लेखांत त्यास मज्जाव करण्याचें कारण नाहीं. ‘जिमा’ अथवा ‘शिमा’ या पदाचा अर्थ आज ‘पट्टा’ असा होतो; पण मूळचा अर्थ ‘बेट’. दक्षिणेकडील बेटांच्या वाटेनें पट्टेदार कापड येई म्हणून पट्ट्यासच बेट म्हणूं लागले, असें सांगतात. अशाच रीतीनें चोलमंडल किनाऱ्यावरील सांतोमे (मद्रासजवळील मैलापूर) येथलें सुती पट्टेदार कापड ‘सान्तोमे-जिमा’, व बंगालचें ‘बेन्गारा-जिमा’ झालें. सान्तोमेचा हाओरीसाठीं फार खप होता. या तिघांत चेऊल एकटें आपलें.

जपान सरकारनें पोर्तुगिजांस १६३९ त देशाबाहेर घालविलें. चाउचा पुरवठा करणारा हात गेला, पण आवड गेली नाहीं. तेव्हां क्योतोच्या विणकऱ्यांनीं तें कापड आपल्या मागावर काढिलें. जपानी कोश हा काल ‘तेन्ना’ या शकाचा, म्हणजे इ. स. १६८१ ते १६८४ चा देतात. हे आंकडे वाचून मी क्षणभर थबकलों. शके १६०५, म्हणजे इ. स. १६८३, या वर्षीं छत्रपति संभाजी महाराजांच्या फौजा चेऊलास वेढा घालून बसल्या होत्या. ज्या वर्षीं खुद्द चेऊलच्या तटाबाहेर मराठ्यांचे मोर्चे लागले होते, त्याच सुमारास हजारों कोसांवर क्योतोच्या मागांवर ‘चाउ’ नांवाचें कापड निघूं लागलें होतें. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असें मी म्हणत नाहीं. एका खोट्या संबंधाचें प्रायश्चित्त याच लेखांत घेऊन झालें आहे. पण चेऊलचा उतार त्या आधींच लागला होता हें स्पष्ट आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चेऊलचे विणकर इंग्रजांच्या मुंबईकडे जाऊं लागले, व १७४० च्या तहानें तें ठाणें मराठ्यांकडे आलें तेव्हां पूर्वींचें वैभव सरलेलें होतें. आज तेथें नारळी-पोफळीच्या वाड्या, रेवदंड्याचा पडका तट व मोडकीं चर्चें दिसतात. मागाचा खटका ऐकूं येत नाहीं. मी ज्या जिल्ह्यांत राहतों तेथें चादरीमुळें गांवाचें नांव देशभर झालें. चेऊलचें नांव कापडावर चढून समुद्रापलीकडे गेलें, आणि घरीं कोणास तें आठवत नाहीं.

या शब्दाचें मोल मला अशासाठीं वाटतें कीं, प्रवाशांच्या वर्णनांस अतिशयोक्तीचा संशय नेहमींच चिकटतो. पिरार चेऊलच्या रेशमाची स्तुति करितो ती खरी कशावरून? तर ज्या देशाजवळ चिनी रेशीम हाताच्या अंतरावर होतें, त्या देशानें चेऊलचें कापड त्याच्या गांवाच्या नांवानें ओळखलें, वापरलें, व मिळेनासें झाल्यावर त्याची नक्कल करून नांव तेंच ठेविलें. याहून नि:पक्षपाती साक्षीदार कोठून आणावा? हा पुरावा शब्दाचा असला तरी काप्पा-कब्याच्या जातीचा नाहीं. येथें ध्वनि जुळतो एवढ्यावर भिस्त नाहीं. माल, वाट, वाहक व काल, हीं चारीहि जुळतात.

चौथ्या थराविषयीं थोडक्यांत. जपानांत १८७२ च्या राजाज्ञेनें अधिकाऱ्यांचा समारंभाचा पोषाख पाश्चात्त्य झाला, व त्याबरोबर शब्दांची लाट आली: ‘कोओतो’, ‘जाकेत्तो’, फ्रेंच भाषेंतून ‘मान्तो’. ओव्हरकोटाचा त्यांनीं नुसता ‘ओओबा’ केला. लांब शब्द छाटण्यांत त्यांचा हात आपल्याहून चपळ. नेहमींच्या कोट-पाटलोणीच्या जोडास ते ‘सेबिरो’ म्हणतात. लंडनांतील शिंप्यांच्या ‘सॅव्हिल रो’ नांवाच्या गल्लीवरून तो आला असें कित्येक म्हणतात, ‘नागरी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून असें दुसरे म्हणतात. हा वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा. आमच्याकडे कोट आला, जाकीट आलें, आणि जाकिटानें बंडीस खेड्यांत लोटलें.

मंडळाच्या सभासदांस एक विनंति आहे. चेऊल, रेवदंडा व अष्टागर या भागांतील घराण्यांचे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कापडाच्या खरेदीच्या याद्या, लग्नांतील अहेराच्या याद्या व शिंप्यांचे हिशेब एकवार चाळून पाहावे. निवाडे, सनदा व वतनपत्रें यांच्या मानानें हे कागद हलके समजून बहुधा तळाशीं टाकलेले असतात. त्यांत चेऊलचें म्हणून स्पष्ट नोंदलेलें रेशमी वस्त्र आढळल्यास त्या ओळीची नक्कल, मूळ शुद्धलेखन न बदलतां व मितीसह, त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावी. किंमत व लांबी-रुंदी दिली असल्यास तीहि उतरून घ्यावी. जपानी संग्रहालयांतील जुन्या चाउच्या तुकड्यांशीं ताडून पाहावयास पन्ह्याचें माप सर्वांत उपयोगी पडेल.